राजगिऱ्याचा लाडू आणि सांडपाण्यातलं निकेल

आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की फोटो येतात, बातम्या येतात, आणि वारीच्या तोंडावर तर चर्चेला ऊत येतो. घाटाच्या पायऱ्यांना चिकटलेला तो पांढरा फेस डोळ्यांना दिसतो, म्हणून निदान त्याबद्दल बोललं तरी जातं. कारखान्यांच्या सांडपाण्यातून नदी-नाल्यात जाणारे जड धातू मात्र दिसत नाहीत. लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम निकेल विरघळलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, तर ते नळाच्या पाण्याइतकंच नितळ दिसतं. त्याला वास नसतो, रंग नसतो, फेसही येत नाही.

हे न दिसणारं निकेल, तांबं, कॅडमियम पाण्यातून बाहेर काढायच्या एका पद्धतीबद्दल आज सांगायचं आहे. ती समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. रिठा भिजवून कधी केस धुतले असतील आणि चाळणीनं कधी पीठ चाळलं असेल, तर निम्मी पद्धत तुम्हाला आधीच माहीत आहे.

जड धातू इतके चिवट का?

सांडपाण्यातली बहुतेक घाण कुजते. अन्नाचे कण, मैला, स्टार्च, तेलसुद्धा, सगळं जिवाणू खातात आणि त्याचं पाणी नि वायू होतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा मोठा भाग याच खाण्यावर चालतो. धातू मात्र मूलद्रव्य आहे. त्याला जिवाणू खाऊ शकत नाहीत, तो जळून नाहीसा होत नाही, उन्हानं विरत नाही. शिसं आज जेवढं आहे तेवढंच शंभर वर्षांनीही राहणार. पाण्यातून गेलं तर गाळात, गाळातून गेलं तर शेतात, शेतातून भाजीत. त्याचा पत्ता बदलतो, ते संपत नाही.

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. खाणीतलं कॅडमियम नदीत उतरलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं आणि तो भात लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ला. माणसांची, विशेषतः बायांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनंही मोडायची. त्या आजाराला नाव पडलं इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. हा आजार कॅडमियममुळे होतो, हे जपान सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. तोवर अनेकांचं आयुष्य दुखण्यातच सरलं होतं.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.००३ मिलिग्रॅम, शिसं ०.०१ आणि निकेल ०.०२ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. कारखान्याच्या सांडपाण्यासाठीची मर्यादा अर्थातच वेगळी आहे. नदीत सोडताना निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या दीडशे पट. नदीत ते विरळ होईल, असा त्यामागचा हिशोब. पण आकडेमोड करून पाहा. एखादी शेड रोज १०,००० लिटर पाणी सोडते आणि त्यात नियमात बसणारं ३ मिलिग्रॅम निकेल आहे. रोजचे ३० ग्रॅम झाले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९ किलो. अशा शंभर शेड असतील तर ९०० किलो. उन्हाळ्यात नदीला पाणीच नसतं, तेव्हा विरळ करायला तिच्याकडे उरतं काय?

प्लेटिंगच्या शेडमध्ये

हे पाणी तयार कसं होतं, ते मी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायच्या, शेडमध्ये उभं राहून पाहिलं आहे. आत शिरताच नाकात आंबूस, तिखट वाफ जाते. ओळीनं टाक्या मांडलेल्या असतात. निकेलच्या बाथचा, म्हणजे टाकीतल्या धातूच्या द्रावणाचा, रंग हिरवागार, कच्च्या कैरीच्या पन्ह्यात जास्तच रंग पडावा तसा. तांब्याची टाकी मोरचुदासारखी निळी. क्रोमची नारिंगी-तपकिरी. लोखंडाचे सुटे भाग तारेच्या जिगवर टांगलेले असतात. कामगार जिग बाथमधून वर उचलतो आणि लगेच शेजारच्या रिन्सच्या टाकीत, म्हणजे साध्या पाण्यात, बुचकळतो. उचलतानाच प्रत्येक स्क्रूच्या आट्यात, प्रत्येक भोकात थोडं हिरवं पाणी अडकलेलं असतं. ते रिन्समध्ये उतरतं. दिवसभरात शेकडो वेळा असं होतं आणि संध्याकाळपर्यंत रिन्सचं पाणी फिकट हिरवं होतं.

जड धातूंचं सांडपाणी म्हणजे बहुतांशी हेच. बाथ फेकून देत नाहीत, तो महाग असतो. वाहून जातं ते या थेंबाथेंबानं निसटलेलं.

चुना टाकला की काम झालं, असं नाही

आजची रुळलेली पद्धत चुन्याची. सांडपाण्यात चुना किंवा कॉस्टिक टाकून पीएच वाढवतात, म्हणजे पाण्याचा आंबटपणा घालवून ते अल्कधर्मी करतात. मग विरघळलेल्या धातूचा चोथा होतो आणि तो तळाशी बसतो. वरचं पाणी पुढे जातं आणि गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या करतात. ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे. तिच्यावर उगाच टीका करायचं कारण नाही, कारण ती नसती तर आपल्या नद्यांची अवस्था यापेक्षा वाईट असती.

तरी तिला दोन दुखणी आहेत. एक म्हणजे प्रत्येक धातूची आवड वेगळी. निकेल नीट खाली बसायला पीएच दहाच्या आसपास किंवा वर न्यावा लागतो. क्रोमियम आठच्या सुमाराला बसतं, आणि पीएच फार चढवला तर पुन्हा विरघळायला लागतं. एकाला खूश करावं तर दुसरा रुसतो. त्यात पाण्यात अमोनिया किंवा सायनाइडसारखं काही असेल, तर ते धातूला धरून ठेवतं आणि चुना कितीही टाकला तरी धातू खाली येत नाही.

दुसरं दुखणं गाळाचं. दाबून काढलेल्या वडीतही निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि उरलेल्यात चुना, माती नि धातू एकमेकांत मिसळलेले. कायद्यानं हा गाळ घातक कचरा. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या खास विल्हेवाट केंद्रांत नेऊन, खाली-वर अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरावा लागतो. म्हणजे खाणीतून काढलेलं, परदेशातून आयात केलेलं, किलोमागे चांगले पैसे मोजून आणलेलं निकेल आपण वाहतुकीचं भाडं भरून जमिनीत गाडतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त खुपतं ते हे.

धातू चाळून का काढत नाहीत?

चाळणी आहे. तिला मेम्ब्रेन म्हणतात. अतिशय बारीक छिद्रांचा पातळ पडदा. घरच्या फिल्टरमुळे त्यातले दोन शब्द आपल्याला पाठ झाले आहेत, यूएफ आणि आरओ. यूएफची छिद्रं तुलनेनं मोठी, आरओची जवळजवळ नाहीतच. यूएफमध्ये जिवाणू अडतात पण क्षार निसटतात, म्हणून नुसत्या यूएफच्या फिल्टरनं पाण्याचा टीडीएस कमी होत नाही.

विरघळलेलं निकेल म्हणजे निकेलचा एकेक सुटा कण, धन विद्युतभाराचा आणि अंगाभोवती पाण्याचं कोंडाळं घेऊन फिरणारा. कोंडाळ्यासकट त्याचा आकार एक नॅनोमीटरहूनही कमी. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. यूएफच्या छिद्रातून तो आरामात निघून जातो.

आता स्वयंपाकघरात या. राजगिरा पिठाच्या चाळणीत ओता, निम्मा खाली सांडेल. तोच राजगिरा लाह्या करून गुळाच्या पाकात वळला, लाडू केला, की तीच चाळणी त्याला सहज अडवते. चाळणी बदलली नाही, बदलला तो दाण्याचा आकार. सांडपाण्यातल्या निकेलचे लाडू वळता आले, तर साधं यूएफ पुरेल. प्रश्न पाकाचा आहे.

साबण लाडू कसा वळतो

पाकाचं काम करतं साबणाच्या जातीचं द्रव्य. शास्त्रात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. मी साबणद्रव्य म्हणेन. त्याच्या एका रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला पाण्याचा तिटकारा आणि तेलाची ओढ. कपड्यावरचा तेलकट डाग याच स्वभावामुळे निघतो. शेपट्या तेलात घुसतात, डोकी पाण्यात राहतात आणि डाग सुटून येतो.

पाण्यात तेल नसेल तर शेपट्यांनी जायचं कुठे? साबणद्रव्य थोडं असेल तर रेणू सुटे भटकतात. प्रमाण एका ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते एकत्र येतात आणि गोळा करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. कदंबाचं फूल आठवा, मधे गाभा आणि चहूबाजूंनी बाहेर आलेले तुरे. या गोळ्याला मिसेल म्हणतात, आणि ज्या पातळीला ते बनायला लागतात तिला मी उंबरठा म्हणतो. साबणाचे रेणू पाण्यात असे कळप करून राहतात, हे जेम्स मॅकबेन या कॅनेडियन रसायनशास्त्रज्ञानं १९१३ च्या सुमारास मांडलं.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या साबणद्रव्यात, एसडीएसमध्ये, असे साधारण साठ रेणू मिळून एक गोळा होतो. त्याचा व्यास चार-पाच नॅनोमीटर. आणि बाहेर आलेल्या सगळ्या डोक्यांवर ऋण विद्युतभार असतो. निकेल, तांबं, जस्त, कॅडमियम यांच्यावर धन भार. मग काय होणार? कदंबाच्या तुऱ्यांवर मधमाश्या बसाव्यात तसे धातूचे कण गोळ्यावर येऊन चिकटतात. दुहेरी धन भाराचा धातू एकेरी भाराच्या सोडियमला बाजूला सारून जागा पटकावतो, म्हणून साबणातलं सोडियम सुटतं आणि निकेल बसतं. हे पाणी पुरेशा बारीक छिद्रांच्या यूएफमधून दाबलं की लाडू वर राहतात आणि पाणी खाली उतरतं.

ओक्लाहोमा विद्यापीठातल्या जॉन स्कॅमेहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना पद्धतशीरपणे उभी केली. मोटारीच्या टायरमध्ये असते तितपत दाबाच्या आसपास काम चालतं, हे तिचं मोठं आकर्षण.

मग रिठाच का? साधा साबण काय वाईट?

नैसर्गिक पदार्थांची खरी कामगिरी इथे दिसते, आणि तिचं कारण सहसा सांगितलं जातं त्यापेक्षा वेगळं आहे.

उंबरठ्याच्या खालचे सुटे रेणू गोळ्यात नसतात. ते चाळणीतून निसटतात. म्हणजे उंबरठा जेवढा उंच, तेवढं साबणद्रव्य पाण्याबरोबर वाहून जाणार. एसडीएसचा उंबरठा शुद्ध पाण्यात लिटरला २.३ ग्रॅमच्या आसपास आहे. आपल्या शेडचं १०,००० लिटर पाणी घ्या. त्यातलं ९,००० लिटर चाळणीखाली उतरवलं, तर त्याबरोबर वीस किलोहून जास्त साबणद्रव्य गेलं. पाण्यात इतर क्षार असतील तर उंबरठा खाली येतो, तरी तोटा मोठाच. शिवाय या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण पुरती जिरवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला हजारो मिलिग्रॅमवर जातो. परवानगी आहे २५० ची. लिटरला ५० मिलिग्रॅम धरलं तर या पाण्यात निकेल असतं अर्धा किलो; ते अडवायला वीस किलो साबण नदीत सोडायचा, याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

आता जिवाणूंनी बनवलेलं रॅम्नोलिपिड नावाचं साबणद्रव्य घ्या. त्याचा उंबरठा लिटरला काही दशक मिलिग्रॅम, फार तर शे-दोनशे. शंभर धरला, तर त्याच ९,००० लिटरबरोबर जातं ९०० ग्रॅम. वीस किलो कुठे आणि ९०० ग्रॅम कुठे! आणि जेवढं निसटतं तेवढं जिवाणू खाऊन टाकतात. निसर्गातल्या साबणद्रव्यांचं मोठेपण त्यांच्या ‘नैसर्गिक’ या लेबलात नाही, या खुज्या उंबरठ्यात आहे.

ही द्रव्यं मिळतात कुठून? रॅम्नोलिपिड बनवतो स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जिवाणू. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू सर्फॅक्टिन बनवतो. सर्फॅक्टिनच्या डोक्यात दोन आम्लधर्मी टोकं असतात आणि ती खेकड्याच्या दोन नांग्यांसारखी धातूला धरतात. यीस्टपासून सोफोरोलिपिड मिळतं. आणि आपल्या ओळखीचा आहे रिठा. त्याच्या सालीत सॅपोनिन हे साबणद्रव्य भरपूर असतं, वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे हिंदुस्थानी साबण! शिकेकाईतही सॅपोनिन असतं. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात घासून उजळतात आणि आजी पैठणी रिठ्यात धुवायची, ते याच्याच जोरावर.

मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात कॅथरीन मलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅम्नोलिपिड, सर्फॅक्टिन वापरून दूषित माती आणि पाण्यातून तांबं, जस्त, कॅडमियम काढण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. रॅम्नोलिपिड आणि यूएफची ही जोडीही त्यांनी तपासली. सॅपोनिनवरही अनेक देशांत प्रयोग झाले. प्रयोगशाळेत बहुतांश धातू अडवला जातो, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आधीच नदीवर फेस, त्यात आणखी फेस?

हा प्रश्न कुणालाही पडेल, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर वरच्या हिशोबात आहे. साबणद्रव्य नदीत सोडायचं नाही, ते धातूसकट चाळणीवर ठेवायचं आणि पुन्हा वापरायचं, ही या पद्धतीची अट आहे. खाली उतरलेल्या पाण्यात थोडं जातं, म्हणून त्या पाण्याला पुढे जिवाणूंच्या टाकीतून न्यावंच लागतं. धातू आधीच निघालेला असल्यामुळे तिथले जिवाणू मरत नाहीत आणि आपलं काम नीट करतात. ज्या ठिकाणी ही पुढची टाकी नाही, तिथे मी ही पद्धत सुचवणार नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

नाही. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘हर्बल’ म्हटलं की प्रश्न विचारणं थांबतं. सॅपोनिन माशांना घातक आहे. ते कल्ल्यांवर परिणाम करतं, आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवायची रीत जगात अनेक ठिकाणी होती. रॅम्नोलिपिड देणारा जिवाणू स्वतः दुबळ्या माणसाला आजारी पाडू शकतो, म्हणून ते बनवायचं काम बंदिस्त टाकीत आणि काळजीनंच करावं लागतं. ही द्रव्यं कुजतात हा त्यांचा गुण आहे. पण कुजायला दिवस लागतात, आणि मासा मरायला तेवढे लागत नाहीत.

रिठ्याबद्दल आणखी एक. रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करलं की तपकिरी पाणी निघतं, त्यात सॅपोनिनबरोबर साखर, रंग आणि बारीक चोथाही असतो. ते तसंच मेम्ब्रेनवर ओतलं तर छिद्रं बुजतील आणि पाण्याचा सीओडी वाढेल. शुद्ध केलेला अर्क लागतो, आणि त्याला पैसे पडतात.

क्रोमचं वेगळं दुखणं

धातू धन भाराचा असतो म्हणून ऋण भाराच्या गोळ्याला चिकटतो, असं वर म्हटलं. क्रोम प्लेटिंगमधलं सहा-संयुजी क्रोमियम याला अपवाद आहे. ते पाण्यात ऑक्सिजनशी बांधलेलं असतं आणि त्या जोडीवर ऋण भार असतो. ऋण ऋणाला दूर ढकलतो. त्यामुळे रॅम्नोलिपिडचा गोळा त्याला धरत नाही. आणि नेमकं हेच क्रोमियम सर्वांत घातक, कर्करोगाला कारण ठरणारं. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे.

त्यावर उपाय दोन. एक तर धन भाराचं साबणद्रव्य वापरायचं, पण ती बहुतेक कृत्रिम असतात आणि जलचरांना जास्त तापदायक. दुसरा उपाय आज शेडमध्ये करतातच: पाणी आंबट करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, की नारिंगी-पिवळं पाणी हिरवं होतं. हा रंगबदल एकदा प्रत्यक्ष पाहावा असा आहे. सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजी झालं, त्याचा भार धन झाला आणि विषारीपणा खूप उतरला. मग पीएच जरा वर आणून ते गोळ्याच्या ताब्यात देता येतं.

पकडलेल्या धातूचं पुढे काय?

आपल्या १०,००० लिटरमध्ये लिटरला ५० मिलिग्रॅम निकेल होतं असं धरा. एकूण अर्धा किलो. ९,००० लिटर स्वच्छ होऊन खाली गेलं, १,००० लिटर दाट पाणी वर राहिलं आणि जवळजवळ सगळं निकेल त्यात आलं. एवढंच झालं असतं, तर आपण कचरा एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ओतला असंच म्हणावं लागलं असतं.

खरी करामत यानंतर आहे. या दाट पाण्यात आम्ल टाकलं की आम्लातला हायड्रोजन गोळ्यावरची जागा घेतो आणि निकेल सुटं होतं. पुन्हा यूएफमधून गाळलं, तर निकेलचं पाणी खाली येतं आणि साबणद्रव्य वर राहतं. रॅम्नोलिपिड तर पीएच दोनपर्यंत उतरवला की पाण्यात विरघळायचंच नाकारतं आणि साका होऊन बाजूला पडतं, ते उचलून पुन्हा कामाला लावता येतं. निकेलच्या पाण्यात वीज सोडून पत्र्यावर धातू जमवता येतो, किंवा पाणी शुद्ध असेल तर त्याचं क्षाररूप करून बाथमध्येही परत नेता येतं. चुन्याच्या गाळातून असं निकेल परत मिळवणं तत्त्वतः शक्य असलं, तरी छोट्या शेडला ते परवडत नाही.

सरळ आरओ का लावत नाहीत?

लावतात. नितळ, एकाच धातूच्या रिन्सच्या पाण्याला आरओ चांगलं चालतं आणि काही ठिकाणी तेच योग्य आहे. पण आरओला दाब कितीतरी जास्त लागतो, म्हणजे वीज जास्त. शिवाय ते धातूबरोबर मीठ, कॅल्शियम, सल्फेट सगळंच अडवतं, आणि त्या सगळ्याचं दाट खारट पाणी तुमच्या गळ्यात पडतं. ज्याच्या पाण्यात क्षार थोडे आहेत आणि पाणी पुन्हा वापरायचं आहे, त्यानं आरओच घ्यावं. ज्याला फक्त धातू वेगळा काढायचा आहे, त्याच्यासाठी लाडवाची युक्ती.

बोअरचं पाणी आणि बुजलेली चाळणी

प्रयोगशाळेतले आकडे शेडमध्ये उतरत नाहीत, त्याचं एक मोठं कारण आपल्या दख्खनच्या बोअरमध्ये आहे. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम नि मॅग्नेशियम असतं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. त्या कॅल्शियमवरही दुहेरी धन भार असतो. लाडवावर निकेलसाठी ठेवलेली जागा तेच अडवून बसतं. मग निकेल निसटतं, किंवा जास्त साबणद्रव्य टाकावं लागतं. रिन्ससाठी मृदू पाणी वापरणं, हाच त्यावरचा सरळ इलाज.

तेलाचंही तसंच. सुट्या भागांवरचं मशीनचं तेल पाण्यात आलं, की साबणाच्या शेपट्या त्यात गुंततात.

आणि चाळणी बुजते. गोळे मेम्ब्रेनवर साचून साय धरतात, पाणी उतरणं मंदावतं. म्हणून पाणी सरळ खाली न दाबता मेम्ब्रेनच्या अंगावरून वेगानं वाहवत नेतात, म्हणजे साय खरवडली जाते. अधूनमधून उलट्या दिशेनं धुवावं लागतं. हे करायला रोज लक्ष देणारा माणूस लागतो. बारा-पंधरा कामगारांच्या शेडमध्ये तो सहसा नसतो. मला तरी ही अडचण रसायनशास्त्राच्या अडचणींपेक्षा मोठी वाटते.

किमतीचंही सांगितलं पाहिजे. चुन्याच्या तुलनेत रॅम्नोलिपिड फारच महाग आहे. इव्होनिक या जर्मन कंपनीनं २०२४ मध्ये स्लोव्हाकियात ते औद्योगिक प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, पण मुख्यतः घरगुती सफाईच्या आणि अंगाला लावायच्या उत्पादनांसाठी. तिथे मागणी वाढली, की सांडपाण्यासाठीही भाव उतरतील अशी आशा ठेवायला जागा आहे. आज तरी धातूंसाठीची ही पद्धत बहुतांशी प्रयोगशाळेत आणि छोट्या चाचणी-संचांत आहे. कुणी तयार यंत्र घेऊन दारात आलं आणि सगळं पाणी साफ करून देतो म्हणालं, तर आधी तुमच्याच पाण्याचं पिंप देऊन त्यावर चाचणी करून मागा.

बसवायचं कुठे?

औद्योगिक वसाहतीच्या टोकाला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं, सीईटीपी. तिथे बसवलं तर सगळ्यांचं एकदम काम होईल, असं सहज वाटतं. मला ते चूक वाटतं. तिथपर्यंत येईतो निकेलमध्ये कुणाचा रंग, कुणाचं तेल, कुणाचं आम्ल आणि कुणाच्या कँटीनचं खरकटं मिसळलेलं असतं. त्या खिचडीतून लाडू वळणं जवळपास अशक्य. धातू काढायचा तो शेडच्या आत, निकेलच्या रिन्सच्या टाकीपाशी, जिथे पाण्यात निकेल आहे आणि फारसं दुसरं काही नाही. निकेलची नळी वेगळी, क्रोमची वेगळी, तेलकट धुण्याची वेगळी. हे वेगळं करणं साध्या पीव्हीसी पाइपचं काम आहे, आणि पुढे चुना वापरा, आरओ वापरा की रिठा, त्याचा फायदा होतोच.

त्याच्याही आधीची एक गोष्ट त्या शेडमधल्या म्हाताऱ्या कारागिरानं मला दाखवली होती. त्यानं जिग निकेलच्या बाथमधून वर घेतली आणि लगेच रिन्सकडे नेली नाही. बाथवरच जरा तिरकी करून धरली, एकदा हलकेच झटकली. हिरवे थेंब टपटपत बाथमध्येच परत पडले, आधी भराभर, मग एकेक. आकडे त्यानं तोंडानं मोजले. वीस झाल्यावर जिग रिन्समध्ये बुडवली. शेजारचा पोरगा ती चार आकड्यांतच बुडवत होता, आणि त्याच्या टाकीतलं पाणी दुपारच्या जेवणाआधीच हिरवं झालं होतं.